घासून लख्ख केलेला शिंपला

प्रिय मावशीस,

तुझ्या भाचीचा वाकून नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सगळे खुशाल. माझीही तब्येत बरी आहे, फक्त कोणी ‘शिंपला’ म्हटलं की डोळे भरून येतात. का, ते ऐक.

दोन वर्षं मी एका ब्रायोझोआच्या मागे आहे हे तू जाणतेसच. (शेजारणीला तू ‘ती बुरशीचं काहीतरी करते’ असं सांगतेस म्हणे. बुरशी नव्हे गं, प्राणी आहेत ते!) समुद्रातले हे जीव टाचणीच्या डोक्याहून लहान. शिंपल्यावर खोलीला खोली लावून बिऱ्हाडं थाटतात, प्रत्येकाच्या दाराला झाकण, आणि इतक्या दाटीत भांडण म्हणून नाही. माझ्या बिऱ्हाडांच्या दारांभोवती सात-सात काटे होते. या कुळात चारांपुढे आजवर कोणी मोजलेले नाहीत. म्हणजे प्रजाती नवी! वर्णन लिहून झालं. पण नाव द्यायचं तर तो नमुना, म्हणजे ती बिऱ्हाडं असलेला शिंपला, संग्रहालयात जमा करावा लागतो, आणि तो तपासायला तिथल्या मोठ्या बाई स्वतः येणार होत्या.

आमच्या प्रयोगशाळेत एक मामा आहेत (तुझे भाऊ नव्हेत, शिपाई आहेत, पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत). पाहुण्या येणार म्हणून ते सकाळी सातलाच आले. मी पोचले तेव्हा टेबलावर पांढऱ्या रुमालात शिंपला, आरशासारखा.

“काय कळकट ठेवला होतात, मॅडम! तारेच्या ब्रशनं अर्धा तास घासला.”

मावशी, माझी दोन वर्षं मोरीतून वाहून गेली होती. पण लग्नातला आहेर द्यावा तसा चेहरा करून ते उभे. ओरडायला उघडलेल्या तोंडातून कसंबसं “छान झालाय, मामा” एवढंच निघालं.

बाई आल्या, भिंगातून बराच वेळ बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “शिंपला उत्तम आहे. प्राणी कुठे आहेत?”

तेव्हा मामांना उलगडा झाला. त्यांनी लगेच पाना आणून मोरीचा पाइप खोलला, आतला गाळ परातीत घेतला आणि जेवण सोडून गाळणीनं गाळत बसले. शेवटी बाईही बाह्या सरसावून शेजारी बसल्या. संध्याकाळपर्यंत तीन कण मिळाले. त्यातल्या एकावर अकरा खोल्या, काटे शाबूत! बाई म्हणाल्या, “प्रजाती नवी, यात शंका नाही. पण एक अख्खी वसाहत आणा, मग छापू.” मामा तेव्हापासून माझ्या नजरेला नजर देत नाहीत, डबाही उघडेनात. मला नमुन्यापेक्षा त्याचंच जास्त लागलंय.

काकांना नमस्कार सांग.

तुझी,
भाची

ता. क. तीन वर्षांपूर्वी, माझा नमुना जिथला त्याच किनाऱ्यावरचा एक शिंपला मी तुला दिला होता. त्यात तू केसांचे आकडे ठेवतेस. त्याच्या पाठीवर पांढरा, खरखरीत पट्टा आहे, बहुधा माझ्याच बिऱ्हाडांचा. पत्र त्या पट्ट्यासाठीच. मी रविवारी येते, तोवर त्याला पाणी, साबण, लिंबू, पदर काहीही लावू नकोस. (फोन मुद्दाम केला नाही. बोलता बोलता हाताशी येईल ते पुसतेस तू.)

आणखी ता. क. आधीच घासला असशील तर कळवू नकोस, मी आल्यावर जवळ बसवून सांग. मामांना धीर यावा म्हणून मी सांगून बसलेय की तसाच एक शिंपला माझ्या मावशीकडे आहे आणि ती घासण्या-पुसण्याच्या बाबतीत कमालीची आळशी आहे. हे ऐकल्यापासून ते पुन्हा डबा खाऊ लागलेत. तुझे मनापासून आभार मानलेत त्यांनी.