जाळे मध्यम टाकते

८ फेब्रु. १९८६, शनि.

पत्र आलं! कॅनडाच्या कॉलेजचं. मत्स्यपालनाच्या डिप्लोमाला प्रवेश पक्का, फी माफ. शाळेच्या व्हरांड्यात उभ्या उभ्याच वाचलं. माझ्या नववीच्या वर्गाला "आजचा बेडकाचा धडा तुमचा तुम्ही वाचा" सांगितलं आणि सायकल काढली. नागभीडपासून गावापर्यंत ब्रेक म्हणून लावला नाही.

घरी येऊन पान दोन वाचलं. गोम तिथे आहे. शिकता शिकता दोनदा, सहा-सहा महिने, तिथल्या मासे-पैदास केंद्रात काम करणं सक्तीचं. पगारी. ते केल्याशिवाय डिप्लोमा नाही, आणि त्या पगाराशिवाय माझ्या पोटाचं भागणार नाही. शिक्षणाचा परवाना वेगळा, या कामासाठी वर्क परमिट वेगळं (एवढं लांबलचक दर वेळी कोण लिहिणार, यापुढे व. प.). दोन्ही अर्ज एकाच पाकिटात दिल्लीला, कॅनडाच्या वकिलातीत, एप्रिलच्या आत. व. प. साठी डॉक्टरी तपासणी, फोटो, आणि याआधी माशांचं काम केल्याचा दाखला.

बा: "शिकाले चालली का मजुरीले?"

"दोन्हीले."

माय टोपली धूत होती. "म्हन्जे इतक्या दूर जाऊन हे पोट्टी मासेच धरन! मंग आपल्या तलावानं काय घोडं मारलं होतं?"

दोघं इतके हसले, इतके हसले, की शेवटी मलाच रडू आलं. आनंदाचं. हे फक्त इथे लिहिते.

११ फेब्रु.

दाखला कोणाचा? पत्रात लिहिलंय, मालकाचा. आमचा मालक कोण? बा म्हणाला, "तलाव." तलावाची सही कुठून आणू?

शेवटी आमच्या मच्छीमार संस्थेचे सेक्रेटरी, दादाजीभाऊ, त्यांच्याकडे गेले. खरं काम सांगणार होते. बासोबत खड्ड्यात मासळीची पिल्लं वाढवली, बीज निवडलं, मायसोबत बाजारात बसले. पण भाऊंनी "कॅनडा" एवढं ऐकलं आणि लिहायलाच बसले. मग शिक्का. शिक्का मारताना भाऊ ओठ आवळतात, टेबल हलतं.

घरी येऊन वाचलं: 'सदर कुमारी संस्थेची क्रियाशील सभासद असून गेली अनेक वर्षे तलावात उत्तम जाळे टाकते.'

आमच्या संस्थेत आजवर एक बाई सभासद नाही. बायका मासे निवडतात, सुकवतात, विकतात. जाळं पुरुषाचं. वाळत घातलेल्या जाळ्यावरून बाईने चुकून पाय टाकला तरी अख्खी ढिवरटोली, आमची मच्छीमारांची वस्ती, बोंबलते. आणि मी म्हणे उत्तम टाकते!

१६ फेब्रु., रवि.

ऊर्जानगरला सुजाताकडे. बी. एस्सी.ची मैत्रीण, आता वीज केंद्राच्या ऑफिसात टायपिस्ट. क्वार्टरमध्ये स्वतःचं जुनं मशीन आहे. दाखल्याचं इंग्रजी तिनेच करायचं ठरलेलं. वाचता वाचता तिने चष्मा वर केला.

"तू सभासद कधी झाली वो?"

"नाई झाली."

"मंग हे मी टाइप नाई करत. उद्या दिल्लीच्या साहेबानं एक प्रश्न विचारला तं तुह्या तोंडावर सगळं छापून येते. मले माहीत नाई का तू?"

भांडले. मग तिच्या आईने केलेली गरम भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ली, मग भांडणात जोर राहिला नाही. सु. बरोबरच बोलत होती, याचा जास्त राग आला. वीज केंद्राच्या बसने स्टँडपर्यंत सोडलं तेव्हा खिडकीतून ओरडली, "खरं करून आन, मंग लगेच टाइप!"

१८ फेब्रु.

दादाजीभाऊंना म्हटलं, दुसरा दाखला द्या, खराखुरा. ते दुखावले.

"मी शिक्का मारला का नाई?"

"मारला."

"संस्थेचा शिक्का मारल्यावर मागं नाई घेत कोनी. कागद नाई बदलत बाई."

"पन भाऊ, तो खोटा हाये."

डोकं खाजवलं, चहा पाजला, पुन्हा डोकं खाजवलं. मग एकदम चेहरा उजळला. "एवढंच ना? तुलेच सभासद करून टाकू! मंग तं कागद खरा?"

असला उपाय जगात दुसऱ्या कोणाला सुचला नसता. रविवारी सभा.

२३ फेब्रु., रवि.

सभा समाजमंदिरात. पुरुष सतरंजीवर, बायका दाराबाहेर, नेहमीसारख्या. भाऊंनी विषय मांडला आणि गलका झाला. कोणी म्हणे बाईने जाळं धरलं की जाळं फाटतं. एक म्हातारबा म्हणाले, "बाई तलावात उतरली का मासे तळाले जाते."

दाराबाहेरून आमच्या टोलीतली पारबताबाई: "अन् तुमी उतरता तवा का वर येऊन रामराम करते?"

बायका हसल्या, मग सतरंजीही हसली. बा मात्र मान खाली घालून काडीने सतरंजीवर रेघा ओढत होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

शेवटी ठरलं: सभासद होऊ दे. पण कागदावर जाळं टाकते असं आहे, तर सगळ्यांसमोर टाकून दाखवावं. एक महिना मुदत.

भाऊ उठणार तेवढ्यात पारबताबाई आत येऊन उभी राहिली. नवरा गेल्यापासून तिच्या घरचा तलावातला वाटा बंद आहे, कारण जाळ्याला हात लावणारा पुरुष घरात नाही. म्हणाली, "मंग माहं बी नाव लिव्हा."

"तुले काऊन वो? तुले कॅनडाले जायाचं हाये का?"

"नाई. मले माहा वाटा पायजे."

कोणी हसलं नाही. भाऊंनी लिहून घेतलं. मग अजून तिघी आत आल्या.

मी गेले होते माझ्या दाखल्यासाठी. घरी येताना माय माझा हात धरून चालत होती.

२ मार्च, रवि.

बा स्वतःहून फेकजाळं घेऊन आला. "चाल खळ्यावर." पाण्यात नाही, आधी कोरड्यावर शिकायचं. एक कड दाताने धरायची, अर्धा घोळ खांद्यावर, अर्धा हातात, कंबर वळवायची आणि सोडायचं. बाचं जाळं सुटतं तेव्हा हवेत गोल ताट होतं. माझं गाठोडं पडतं. आजची शिकार: धुण्याची दोरी, शेजारच्यांची कोंबडी, एकदा बा.

दात दुखतात. खांदे दुखतात. फार मजा येते आहे.

९ मार्च, रवि.

बा शिकवताना बोलत नाही, नुसतं हाताला धरून वळवतो. आज मधेच थांबून म्हणाला, "मी तं पोरगा नाई म्हनून हे जाळं इकाच्या गोष्टी करून राह्यलो होतो." मग लगेच, "कंबर वळव, कंबर!"

त्या दिवशी सभेत गप्प का बसला म्हणून मी पंधरा दिवस आतल्या आत त्याच्यावर चिडले होते. तो राग आज कुठे गेला कळलं नाही.

१३ मार्च

नागपूर, डॉक्टरी तपासणी. छोट्या रुळांच्या आगगाडीने. ही गाडी इतकी निवांत चालते की मधे उतरून बोरं वेचून पुन्हा चढावं. छातीचा फोटो, रक्त, डोळे, सगळं ठीक. डॉक्टरांनी खांद्यावरचे वळ बघून काळजीने विचारलं, घरी कोणी मारतं का? म्हटलं, जाळं शिकतेय. त्यांनी लिहायचं थांबवून सगळी हकिकत ऐकली. बाहेरच्या पेशंटांनी मला शिव्या दिल्या असतील.

२३ मार्च, रवि.

झालं!! आधी लिहून टाकते, मग सविस्तर.

सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, अख्खं गाव. पातळ खोचून कमरेएवढ्या पाण्यात. पहिलं टाकलं, गाठोडं. काठावर "अरारा". दुसरं थोडं उघडलं, आत शेवाळ आणि एक खेकडा, तोही मला बघून पळाला. वाटलं, गेलं कॅनडा, गेलं व. प. आणि आता गावभर हसं. मागून बा ओरडला, "मासे पाहू नको! जाळं पाह्य!"

तिसरं उघडलं. पूर्ण नाही, पण गोल! पाण्यावर बसताना जो आवाज होतो ना, जाळ्याच्या कडेची शिशाची सगळी वजनं एकदम पडल्याचा, तो माझ्या हातून झाला. दोन रोहू, किरकोळ चार-पाच.

मग पारबताबाईने लुगडं आवळलं, माझ्या हातातून जाळं घेतलं आणि पहिल्याच झटक्यात असं फेकलं की हवेत बाच्यासारखं गोल ताट झालं. कधी शिकली म्हणून विचारलं तर म्हणाली, नदीवर, एकटीच, कोणी उठायच्या आत. इतकी वर्षं! पुढच्या तिघींचं गाठोडंच पडलं, पण तोवर सगळे इतके खुशीत होते की त्यांनाही पास केलं.

मायने आज मला ओवाळलं. ओले कपडे, केसात शेवाळ, तशीच उभी होते.

२४ मार्च

तरी 'अनेक वर्षे' आणि 'उत्तम' राहिलंच. भाऊंना भीत भीत म्हटलं. वाटलं शिक्क्याचं पुराण पुन्हा ऐकावं लागणार. पण ते म्हणाले, "कालचं पाह्यलं मी. आता काय लिव्हू, सांग." आणि जुना कागद स्वतः फाडला! त्यांच्या बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं.

नवा दाखला: 'सदर कुमारी लहानपणापासून वडिलांसोबत मत्स्यबीज वाढवण्याचे काम करते. या मार्चपासून संस्थेची सभासद. जाळे मध्यम टाकते.'

"मध्यम नको भाऊ, बरं लिव्हा."

"तुनंच म्हनलं ना खरं पायजे?"

३० मार्च, रवि.

सु.ने टाइप केलं. 'मध्यम'साठी इंग्रजी शब्द शोधताना दोघी लोळून हसलो. पण दाखला मशीनमधून काढून तिने एकदा मोठ्याने वाचला आणि म्हणाली, "हे पाय, आता कोनी काहीही इचारू दे." उद्या रजिस्टर पोस्ट.

२६ एप्रिल

काही नाही. पोस्टमन आता मला लांबून बघूनच मान हलवतो. माय देवळात, सु. विहारात, दोन्हीकडून अर्ज चालू.

३ मे

दिल्लीहून बोलावणं! मुलाखत १४ तारखेला. बा येतो म्हणतो. त्याने नागपूरच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही. इस्त्रीचा सदरा सु.च्या भावाकडून आणला.

१४ मे, दिल्ली

धर्मशाळेत बसून लिहितेय. बा बाहेर नळावर पाय धुतोय.

मुलाखत घेणारी गोरी बाई, मायच्या वयाची. सगळे कागद नीट. दाखल्यापाशी थांबली. जाळं मध्यम टाकते म्हणजे काय? म्हटलं, तीन वेळा टाकलं की एकदा उघडतं. उभं राहून हाताने दाखवलं, तिची पेनं जमिनीवर. दोघी खाली वाकून वेचत होतो तेव्हा ती हसली.

मग: काम करून तुम्ही परत का याल?

या प्रश्नाचं उत्तर सु.ने पाठ करून दिलं होतं. देशाचा मत्स्यविकास वगैरे. एक अक्षर आठवेना. जे तोंडात आलं ते बोलले. आमच्याकडे उन्हाळ्यात तलाव आटला की सगळे मिळून मासे काढतात, पाळीवर प्रत्येक सभासदाचा सारखा वाटा लावतात, नाव पुकारतात. मी नुकतीच सभासद झालेय, माझा पहिला वाटा अजून घ्यायचाय, म्हणून येईन.

तिने बराच वेळ लिहिलं. शिक्षणाच्या परवान्याला अडचण दिसत नाही म्हणाली. व. प.चं वरिष्ठ ठरवतील, टपालाने कळवू. म्हणजे निम्मं.

बाहेर बाला सगळं सांगितलं. तो थोडा चालला आणि म्हणाला, "हे तं तू पाठ केलेलं नाई वाटत."

नव्हतंच. मला कॅनडाला इतकं जायचंय की रात्री झोप लागत नाही, आणि मला परत यायचंय, हेही तितकंच खरं. दोन्ही एका वेळी खरं असतं हे मला आजच कळलं.

२५ मे, रवि.

आज तलाव काढला. पहाटेपासून सगळे चिखलात, या वेळी बायकाही. मीही जाळ्याची कड ओढली. रोहू, कतला, झिंगे, मरळ. दुपारी पाळीवर पळसाच्या पानांवर वाटे लागले. पुरुषांइतकेच बायकांचे.

दादाजीभाऊ नावं पुकारायला लागले. "पारबताबाई!" ती पुढे आली, वाटा पदरात घेतला आणि तिथेच उभी राहिली. कोणी टाळी वाजवली माहीत नाही, मग सगळ्यांनीच वाजवली.

"कुंदा!"

मी पदर पसरून पुढे झाले. तेवढ्यात पारबताबाई ओरडली (बाने दिल्लीची हकिकत गावभर केलीय), "अवो थांब! घेऊ नको! दिल्लीच्या बाईले काय सांगून आली तू?"

सगळे एकदम बोलायला लागले. वाटा घेतला तर दिल्लीत सांगितलेलं खोटं पडतं! कोणी म्हणे व. प. आल्यावर द्या, कोणी म्हणे तोवर वास मारंल, कोणी म्हणे सुकवून ठेवा, परत आली का खाईल. अर्धा तास. ज्यांनी फेब्रुवारीत माझ्या सभासद होण्यावर वाद घातला तेच म्हातारबा सगळ्यात मोठ्याने: "बोल्ली ते पाळाले पायजे!"

बाने माझ्या वाट्यातली मरळ उचलली. जिवंत होती, मरळ लवकर मरत नाही. तलावाच्या मधे डोह राहतो, तिथपर्यंत चिखल तुडवत गेला आणि सोडून दिली. बाकीचे मासे त्याने पाच घरी वाटले.

भाऊ पेन घेऊन खोळंबले होते. "आता काय लिव्हू बाप्पा? दिला म्हनून लिव्हू का नाई दिला म्हनून?"

बा गुडघाभर चिखलातूनच म्हणाला, "बाकी हाये म्हनून लिव्हा."

माय पदराने डोळे पुसत होती आणि तिकडे ओरडतही होती, "अवो, मोठी होती ना ते मरळ! लहान सोडाची होती!"

दिल्लीचं टपाल अजून आलेलं नाही.