तिसरी पाकळी

४ मार्च
भाची बँकेच्या जिन्यात कोसळली. वय चौतीस. जवळच्या डॉक्टरने 'ताण आहे' म्हणून गोळ्या दिल्या. बाई कोसळली की ताण, पुरुष कोसळला की हृदय! मी तिला तडक हृदयाच्या दवाखान्यात नेलं.

६ मार्च
छातीवरून केलेल्या तपासणीत हृदयाच्या झडपेला तीन पाकळ्या दिसल्या. म्हणजे ठीक. पण डॉक्टरीणबाईंचं समाधान होईना. पोरगेलीशी आहे, पण चिवट. भाचीला एमआरआयच्या बोगद्यात घातलं. बाहेर आवाज येत होता — श्वास घ्या, सोडा, रोखा. दर वेळी मीही रोखत होते.

७ मार्च
डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर झडप हलताना दाखवली. मिटली की पाकळ्या तीन. उघडली की कळतं — दोनच. तिसरी म्हणजे नुसती शिवण, जन्मापासूनची.
"घरात आणखी कुणाला होतं का?"
भाची म्हणाली, "आई गेली. मी बारा वर्षांची होते. मावशीकडे येताना, जिन्यातच."
आई म्हणजे माझी धाकटी बहीण.

९ मार्च
माळ्यावरून धाकटीची फाईल काढली, तिच्या हृदयाच्या तपासणीच्या कॅसेटसकट. रिपोर्टात लिहिलंय — पाकळ्या तीन, दोष नाही. तो मीच तिला वाचून दाखवला होता. इंग्रजी माझं पक्कं ना, कॉन्व्हेंटचं! "ऐकलंस? आता नाटकं बंद."
"बरं, ताई," म्हणाली.

१३ मार्च
कॅसेट चालवायला डॉक्टरीणबाईंनी कुठूनतरी जुनं यंत्र पैदा केलं. झडप उघडताना चित्र थांबवलं. तीच शिवण. तेव्हाच्या डॉक्टरने मिटलेली मोजली होती.
"चित्र अंधुक आहे," त्या म्हणाल्या. "पण दम लागतो असं त्या सांगत होत्या ना? ते ऐकायला हवं होतं."
तेव्हाच्या डॉक्टरला चार शब्द सुनावायला मी तोंड उघडलं. मग मिटलं.

२१ मार्च
भाचीची झडप बदलली. शुद्धीवर आल्यावर पुटपुटली, "मावशी, रागावू नकोस. बसले नाहीये, झोपलेय."
मुलींनी पायरीवर बसायचं नाही, हा आमच्या नन्सचा नियम. मी तो घरी आणला, तिच्यातही भिनवला. बँकेतही ती बसली नाही. उभ्या उभ्याच कोसळली.

२९ मार्च
रक्ताचं नातं म्हणून माझीही तपासणी झाली. पाकळ्या तीन. खऱ्या.
त्या दिवशी धाकटी दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर टेकली होती. मी वरून म्हटलं, "ऊठ, लोक बघतायत."
ती उठली.