डावीकडचा स्पीकर

२ फेब्रुवारी
मुक्ताने स्वतःच्या पगारातून होम थिएटर आणलं. पाच स्पीकर, एक रिसीव्हर. संध्याकाळी अभंग लावले. गोड. फक्त समोरचा डावा स्पीकर कमी बोलतो. लेकीला सांगितलं नाही, हौसेने आणलंय. रिमोटवर प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा करता येतो. डावा थोडा वाढवला.

५ फेब्रुवारी
काल एकादशी. सायखेड्याला भजन. पखवाज नेहमीप्रमाणे मी. उठताना कारभारी बुवा म्हणाले, "नाना, डावा हात लय गरजतोय. कणीक जास्त थापली का?"
पखवाजाच्या डाव्या पुडीला, कातड्यावर, कणीक नेहमीएवढीच होती. बुवांचं वय झालं, असं मनात आलं. येऊ नये.
घरी येऊन डावा स्पीकर आणखी वाढवला.

९ फेब्रुवारी
सौ. वैतागली. "अहो, टाळकरी सगळे डावीकडेच बसवलेत का? उजवीकडचे जेवायला गेले?"
तू कडेला बसतेस म्हणून तसं वाटतं, म्हटलं.
"मग बसा तुम्ही इथं."
बसलो. मला बरोबर वाटलं.

११ फेब्रुवारी
शेवटी मुक्ताला बोललो. बदलून आणू म्हणाली, पण आधी मोबाईलने मोजलं. तपासणीसाठी रिसीव्हर एकेका स्पीकरमधून पाऊस पडल्यासारखा आवाज काढतो.
"नाना, डावा उलट खूप जास्त आहे. तुम्ही वाढवलाय?"
हो. तिने सगळे सारखे केले. मोबाईलला काय कळतं, म्हणालो.
"भजन नाही कळत. आवाज कळतो."

१२ फेब्रुवारी
दिवेलागणीला जपाला बसलो. देवघर टीव्हीच्या समोरच्या भिंतीला, म्हणजे माझी पाठ टीव्हीकडे. मागे मुक्ता तोच पावसाचा आवाज टीव्हीजवळच्या दोन स्पीकरमधून आलटून पालटून लावत होती. डोळे मिटलेले. डावीकडचा बारीक.
मग लक्षात आलं. पाठ करून बसलोय. आता माझ्या डाव्या हाताला आहे तो उजवा स्पीकर. कालपर्यंत दणदणीत असलेला.
माळ तशीच हातात. वळून बसलो. "परत लाव." आता दुसरा बारीक.
"काय झालं, नाना?"
स्पीकर चांगला आहे, म्हटलं. परत करू नकोस.

१५ फेब्रुवारी
कानाचे डॉक्टर. डावा कमी झालाय. कधीपासून, त्यांनी विचारलं. सांगता आलं नाही. अजून एक तपासणी, मग ठरवू म्हणाले. मी पखवाजाचं विचारलं. "मोठा आवाज सध्या टाळलेला बरा."
पुढच्या महिन्यात गावचा सप्ताह. वडिलांच्या मागे तिथे पखवाज माझ्याकडे.
 

१६ फेब्रुवारी
सौ. आता आपणहून माझ्या उजवीकडे बसते.  डावा स्पीकर वाढवायला हात जातो. मागे घेतो. देवाने दिलेलं इतकी वर्षं तपासलं नव्हतं, एवढंच.

१९ फेब्रुवारी
काल एकादशी. डॉक्टरांचं आठवत होतं, तरी गेलो. बुवा माझ्या डावीकडे असतात. काल मी त्यांच्या पलीकडे जाऊन बसलो.
"आज जागा बदलली?"
हो, म्हटलं.
डावा हात कानावर सोडला नाही. पुडी तळहाताला किती थरथरते, त्यावर तोलला. भजन संपलं. डाव्या हाताबद्दल कोणी काही बोललं नाही. हात बरोबर पडला म्हणून, की मुक्ताने बुवांना आधीच फोन केला असेल म्हणून, माहीत नाही.
प्रसाद देताना बुवा म्हणाले, "सप्त्याला पखवाज तुमचाच धरू ना, नाना?"
खडीसाखर तोंडात होती. डाव्या पुडीची कणीक खरवडायला घेतली.