पुढच्या सस्पेन्शनचा अंतिम निर्णय

१२ मार्च २००५, शनिवार. नोव्हाय
निर्णय झाला. म्हणजे निर्णय घ्यायचा हे ठरलं. मस्टँगचं पुढचं सस्पेन्शन बदलायचं. सदुसष्ट सालची गाडी, अस्सल अमेरिकन मसल कार. ऑक्टोबरमध्ये घेतली तेव्हापासून ब्रेक मारला की नाक खाली घालते आणि स्टिअरिंग जरा सैल सोडलं की उजवीकडे निघते.
ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची क्रूझ असते, म्हणजे मिरवणूकच. अनयाला शब्द दिलाय, या वर्षी आपण दोघं आपल्या गाडीतून. सप्टेंबरमध्ये ती सांता क्लाराला कॉलेजला जाईल. त्याआधी बापलेकीचा एक प्रोजेक्ट व्हायलाच हवा.
कांचन म्हणाली, अहो, बाहेर बर्फ पडतोय, माझी व्हॅन गॅरेजमध्ये कधी येणार? सांगितलं, एप्रिलअखेर.

२० मार्च, रविवार
शंतनू जेवायला आला होता. सहज विषय काढला. तो गाडीखाली वाकला, चाक हलवून बघितलं आणि म्हणाला, हेमचंद्र, सांध्यांतली रबराची बुशिंग्ज गेलीत आणि बॉल जॉइंट सैल झालेत. तेवढे बदल, नवे शॉक ॲब्सॉर्बर टाक, चाकांची अलाइनमेंट करून घे. एका वीकेंडचं काम आहे, मी येतो.
शंतनू कंपनीत आयुष्यभर सस्पेन्शनच डिझाइन करतोय. त्यामुळे नजरेत ताजेपणा राहिलेला नाही. मी त्याच कंपनीतला कप होल्डरवाला. वळणावर कॉफी सांडू नये, हाच माझाही प्रश्न. म्हणजे विषय एकच, फक्त मी तो प्रवाशाच्या बाजूने बघतो.
त्याचे आभार मानून सांगितलं, विचार करतो. नंतर श्रीखंड दुसऱ्यांदा वाढलं.

३ एप्रिल, रविवार, सकाळ
एक्सेल तयार. जुन्याच पद्धतीचे पार्ट हा पर्याय पहिल्याच फेरीत बाद. उरले दोन. एक, नळीचे हलके कंट्रोल आर्म, म्हणजे चाक धरून ठेवणारे दांडे, आणि आखूड स्प्रिंग. दुसरा, कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकात एक, उंची हवी तशी कमीजास्त करता येते. वजन, मजबुती, गाडी चालवतानाचा फील, सगळ्याला मार्क दिले.
अनयाने बघितलं. म्हणाली, बाबा, फीलला मार्क कसे दिले? यू हॅवन्ट ड्रिव्हन एनी ऑफ दीज. म्हटलं, अनुभवाने येतं. मग तिने विचारलं, आपण काम कधी सुरू करणार, मी मैत्रिणींना शनिवारी नाही म्हणून सांगितलंय. समजावलं की आधी डोकं, मग पाना. ती मैत्रिणींकडे गेली. समजूतदार मुलगी आहे.

१७ एप्रिल, रविवार
इंटरनेटवरच्या फोरमचा मेंबर झालो. लोक फार मदत करतात. ॲरिझोनाचा एक गृहस्थ कॉइलओव्हरच घ्या म्हणतो. ओहायोचा एक म्हणतो, ॲरिझोनावाल्याचं ऐकू नका. दोघांची जुंपली. मी दोघांनाही धन्यवाद दिले.
आणखी एकाने विचारलं, इंजिन कोणतं आहे? सहा सिलिंडरचं की आठचं, म्हणजे व्ही-एट? लिहिलं की सध्या चर्चा पुढच्या सस्पेन्शनची आहे, इंजिनची नाही. असे विषयांतर करणारे सगळीकडे असतात.
(इंजिन सहा सिलिंडरचं आहे. पण गाडीची वृत्ती मसलचीच आहे.)

८ मे, रविवार
मदर्स डे. कांचनला सरप्राइज द्यायचं म्हणून बाहेर नेलं. जुन्या पार्ट्सचा बाजार भरला होता. गार वारा सुटलेला. दोन्ही पर्यायांचे पार्ट हातात घेऊन बघितले. फार समाधान वाटलं. कांचन व्हॅनमध्ये पुस्तक वाचत बसली. तिलाही निवांत वेळ मिळाला.
घरी आल्यावर दोघी मायलेकी थाई खायला गेल्या. मला भूक नव्हती, म्हणजे त्यांनी तसं गृहीत धरलं.

१२ जून, रविवार
अनयाच्या ग्रॅज्युएशनची पार्टी. गेल्या आठवड्यात मुद्दाम गाडी स्टँडवर चढवली, आता माघार नाही. पुढची चाकं अनयाने काढली. मी शेजारी लॅपटॉप घेऊन सूचना देत होतो. तिचा हात चांगला आहे. मध्येच म्हणाली, पुढे काय काढू? म्हटलं, थांब, निर्णय अजून व्हायचाय. तिने हात पुसले आणि आत गेली.
पाहुणे गॅरेजमध्येच बसले. सुचित्रामावशींनी विचारलं, ॲक्सिडेंट झाला का? कोणीतरी बॉनेटवर ढोकळ्याचा ट्रे ठेवला. नवीन सस्पेन्शन बसलं की असलं वजन गाडीला जाणवणारसुद्धा नाही.
शंतनूने पुन्हा विचारलं, पुढच्या शनिवारी येऊ? म्हटलं, अगदी अंतिम टप्प्यात आहे.

९ जुलै, शनिवार
कॉइलओव्हर मागवले. अंतिम. एक्सेलमध्ये कंट्रोल आर्मचा पर्याय पुढे होता, पण त्यांचा रंग लाल होता आणि हे काळे आहेत. मार्क थोडे दुरुस्त केले, मग बरोबर आलं.
अनयाला सांगितलं, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गाडी रस्त्यावर. ती म्हणाली, ओके. पूर्वी ती ओके जास्त लांब म्हणायची.

३० जुलै, शनिवार
बॉक्स आला. दोघांनी मिळून उघडला. इतके देखणे पार्ट मी पाहिले नाहीत. अनयाही खूश झाली, बाहीवर ग्रीस लागेल म्हणून माझा जुना शर्ट घालून आली. पहिला पार्ट तिने गाडीला लावून बघितला. मग सूचनांचं पत्रक वाचलं. मग परत गाडीकडे बघितलं.
म्हणाली, बाबा, हे व्ही-एटच्या गाडीसाठी आहे. त्यांच्या चाकांना पाच नट असतात. आपल्याला चार आहेत.
मोजले. चार होते. दुसऱ्या बाजूलाही चार.
विचारलं, चाकं तूच काढलीस ना, तेव्हाच का नाही बोललीस? म्हणाली, आय थॉट यू न्यू. तुम्ही चार महिने हेच तर करत होता.
यावर तिला बरंच समजावता आलं असतं. पण तिने शर्ट काढून घडी करून ठेवला होता. घडी का घातली कळलं नाही, शर्ट ग्रीसचाच तर होता.

६ ऑगस्ट, शनिवार
बॉक्स परत पाठवला. एका अर्थी बरंच झालं. आता मुळापासून करता येईल. आधी व्ही-एटचे ब्रेक, मग चाक ज्यावर बसतं ते स्पिंडल, मग स्टिअरिंग, मग कॉइलओव्हर. फोरमवर लिहिलं. ॲरिझोनावाला म्हणाला, सहा सिलिंडर आहे हे एप्रिलमध्येच सांगायला हवं होतं. ओहायोवाला पहिल्यांदाच त्याच्याशी सहमत झाला. दोघांचं भांडण मिटवलं, एवढं तरी माझ्या हातून झालं.
शंतनूचा फोन. साधे पार्ट दोन दिवसांत मिळतात, क्रूझच्या आधी गाडी चाकांवर उभी करू, म्हणाला. कळवतो म्हटलं. घाईघाईत तडजोड केली तर अनयाला काय वाटेल?
कांचन म्हणाली, तिला विचारलंत का काय वाटेल ते? म्हटलं, सरप्राइज आहे.

२० ऑगस्ट, शनिवार
क्रूझला गेलो. व्हॅनमधून. फोल्डिंगच्या खुर्च्या घेऊन फुटपाथवर तिघं बसलो. कांचनने सँडविच आणि बटाटेवडे आणले होते. हवा सुरेख.
दुपारी एक मस्टँग गेली. आपल्याच सालची. फिकट हिरवी, रंग उडालेला, चालवणारे आजोबा, शेजारी आजी. सिग्नलला थांबली तेव्हा नाक खाली गेलं, निघताना वर आलं. अनयाने चाकाकडे बोट दाखवलं. चार नट. आजोबांनी तिला हात केला, तिनेही केला.
मी म्हटलं, आपली यापेक्षा इंचभर खाली बसेल. अनया म्हणाली, बाबा, दे आर हिअर.
मी सँडविच खाल्लं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती बघत होती.
सीझन अजून संपलेला नाही. कॉलेज सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतं.

१५ सप्टेंबर, गुरुवार
अनया गेली. एअरपोर्टवर दोन बॅगा आणि कांचनचे लाडू. मला मिठी मारून म्हणाली, बाबा, शंतनूकाकांना फोन करा. म्हटलं, करतो. म्हणाली, प्रॉमिस नको, फोन करा.
घरी आल्यावर गॅरेजमध्ये गेलो. काहीच काम नव्हतं म्हणून झाडून काढलं. कांचन दारात येऊन उभी राहिली. व्हॅनबद्दल काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

९ ऑक्टोबर, रविवार, दुपार
शंतनूला फोन केला होता. काल सकाळी आला, आज जेवणाआधी काम संपलं. बुशिंग्ज, बॉल जॉइंट, शॉक. स्प्रिंग जुन्याच, त्या चांगल्या होत्या म्हणे. अलाइनमेंट अंगणापुरती दोरी बांधून केली, पक्की उद्या शॉपमध्ये. मी पाने देत होतो. एकदाही चुकीचा दिला नाही.
गाडी काढली. कांचन शेजारी बसली. तिच्या वाफाळत्या चहाचा कप तिच्या हातात होता, या गाडीत कप होल्डर नाही. टेन माइल रोडवरून तलावापर्यंत गेलो आणि आलो. ब्रेकला नाक जागच्या जागी. स्टिअरिंगवरचे हात सैल केले, गाडी सरळ जात राहिली. पानगळीचा रंग पुरता चढला होता. कांचन म्हणाली, छान आहे हो. मार्चमध्येच करायचं होतं. तिचा सूर आरोपाचा नव्हता.
परत आल्यावर ड्राइव्हवेमधूनच अनयाला फोन लावला. मागे खूप आवाज होते, मुलंमुली हसत होती. म्हटलं, गाडी चालली. सरळ चालली. ती म्हणाली, ओह नाइस, बाबा. ब्रंचला चाललोय सगळे, लेटर कॉल करू? म्हटलं, सावकाश कर.
फोन ठेवल्यावरही इंजिन चालूच होतं. ते बंद केलं.
कांचनने विचारलं, काय म्हणाली?
सांगितलं, फार खूश झाली. सगळं विचारत होती.