सावकाश, ओझेला

डेट्रॉइट, मंगळवार

प्रिय व्हर्नीसताई,

मी बरी आहे. दोन दिवस घास उतरत नाही, पण ते तू मनावर घेऊ नकोस. तुझा गुडघा कसा आहे? भेंडी लागली का?

ऑपलच्या पार्लरमध्ये आम्ही काळ्या बाया जमून वाचतो, लिहितो, हे तुला कळवलं होतंच. क्लीओटिस मला विधवा करून गेल्यापासून दोन वर्षं त्याचं नाव माझ्या तोंडून निघत नव्हतं. तिथे ते कागदावर उतरलं. आता शनिवारी ते सगळ्यांसमोर वाचायचं आहे.

आपल्या गावच्या चर्चमध्ये कुणी बोलताना अडखळलं की मागून हाक येते, "सावकाश, बाई, घाई नाही." मागच्या शनिवारी पार्लरमध्ये एकजण वाचताना अडखळली, तेव्हा मीही सवयीने तसंच ओरडले. ऑपल म्हणाली, "ओझेला, तिला वाचू दे की! इथे वाचताना सगळ्यांनी गप्प बसायचं." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्या शांततेत माझा आवाज फुटलाच नाही तर? त्याचं नाव पहिल्याच ओळीत आहे.

त्याच्या अंत्यविधीत तू मागून हाक दिलीस, म्हणून मी दोन शब्द बोलू शकले.

शनिवारी आमचे दहा, म्हणजे तुमचे नऊ वाजले की चुलीपाशी उभी राहून मोठ्याने म्हण, "सावकाश, ओझेला." मला ऐकू येणार नाही. पण तू म्हणते आहेस, हे ठाऊक असेल.

तुझ्या हाकेची वाट पाहणारी धाकटी,
ओझेला