चौदा रिबिनी

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

उद्या निघायचं! आणि या वेळी प्रज्ञेशदादाने मला शेवटच्या माणसाचं काम दिलंय. बढतीच म्हणायची. दादा पुढे चालणार, जिथे वाट फुटते तिथे झाडाला लाल रिबीन बांधणार. मी सगळ्यांच्या मागे, एकेक रिबीन सोडून खिशात टाकत येणार. डोंगरात आपला कचरा राहायला नको म्हणून. मागे एकही माणूस नाही हे बघूनच रिबीन सोडायची, असं तीनदा बजावलं. मला! मावळातल्या इंदुरी गावचा पोरगा मी, कॉलेज सोडून दुसरं केलंय काय, डोंगरच हिंडलोय.

बुटाचा तळ निघालाय. चिकटवायला पाहिजे.

शनिवार, १५ – सकाळ

लोणावळा स्टेशनबाहेर पोहे खातोय. एकोणीस जण. तळेगावच्या यशोधरा मावशी पण आल्यात. रिटायर नर्स, गुडघ्याला पट्टा, दर दहा मिनिटांनी थांबणार. मी म्हटलं, आज आपल्या पुढे मालगाडी लागलीय, घोरावाडी स्टेशनात उभी ती उभीच! लय हसले सगळे. मावशी पण हसल्या. आज फॉर्मात आहे मी.

शनिवार – साडेपाच

मावशी नाहीत.

चहाला वाडीत पोचलो, कान्हूभाऊंच्या अंगणात. मुक्काम इथेच आहे. दादाने माणसं मोजली – अठरा. परत मोजली – अठरा. माझ्याकडे बघितलं. मी खिशातनं रिबिनी काढून दाखवल्या. चौदा बांधलेल्या, चौदा आणल्या. मागे कोण नव्हतं, बघून आलो, असं म्हणालो.

इथे तरी खरं लिहितो. मी वाट सोडली होती. कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं, एवढं मोठं! बघत बसलो. किती वेळ, काय माहीत. मग उशीर झाला म्हणून आडवा चढून परत वाटेला लागलो आणि पळतच सुटलो. सगळे पुढे गेले असणार असं धरून चाललो. उंबराच्या फाट्यावर रिबीन सोडताना मागे बघितलं होतं, हे मात्र खोटं नाही. ऊन थेट डोळ्यांत होतं. काही दिसलं नाही. म्हणजे कोणी नाही असं वाटलं.

रिबिनीच मोजल्या मी. माणसं मोजलीच नाहीत.

शनिवार – अंधार पडला

हाका मारून घसा बसला. फोन लागत नाही त्यांचा. थंडी लय आहे. त्यांची शाल माझ्याच सॅकमध्ये आहे, सकाळी ओझं नको म्हणून मीच घेतली होती.

रविवार, १६

सापडल्या! जिवंत आहेत!

कान्हूभाऊ उजाडायच्या आत निघाले होते. उंबराच्या फाट्यावरून डावीकडे जी वाट ओढ्यात उतरते तिथे खाली. घोटा मोडलाय. रात्रभर वाळलेलं गवत अंगावर ओढून बसल्या होत्या. ओठ काळेनिळे. झोळी करून आम्ही आणल्या. मी पायाकडची बाजू धरली होती. तोंडाकडे बघवेना.

दादा सगळ्यांसमोर म्हणाला, मॅडम, न सांगता थांबायचं नाही हा आपला नियम आहे ना? मावशी नुसतं हो म्हणाल्या. मला वाटलं आता बोलतील. बोलल्या नाहीत. मी पण नाही.

गाडीची वाट बघताना कान्हूभाऊंच्या बायकोने, सावित्राबाईंनी मला चहा आणून दिला. हळूच म्हणाल्या, "त्या उंबराला काल दुपारच्याला लाल चिंधी व्हती. म्या लाकडाला गेलते तवा बघितली. संध्याकाळी न्हवती."

मग माझ्या पॅन्टकडे बोट केलं.

"तुज्या खिशातनं लोंबतीय, ती आत तरी घाल."

चहा तसाच ठेवला.

मंगळवार, १८

दादाने ग्रुपवर टाकलं – यशोधरा मॅडमना यापुढे ट्रेकला घेता येणार नाही, त्यांच्यामुळे सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. सोळा अंगठे. मी अंगठा दिला नाही. एवढीच माझी हिंमत!

ऑपरेशन झालं म्हणे. सळई घातलीय.

शुक्रवार, २१

रात्री टाईप केलं, पुसलं. सकाळी परत टाईप केलं. पुसलं.

शनिवार, २२

ग्रुपवर टाकलं. मोहोळ, पळणं, रिबीन, सगळं. मावशींनी नियम मोडला नाही, मी मोडला. फोन बंद करून ठेवलाय. उद्या तळेगावला जाणार, शाल द्यायला.

रविवार, २३

दारातच बोलून टाकलं – मावशी, मी तुम्हाला बघितलं नाही, ऊन होतं, खरंच बघितलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. उंबराच्या मागे दगडावर बूट काढून बसल्या होत्या. माझ्यापासून दहा पावलांवर! त्यांनी मला येताना बघितलं, रिबीन सोडताना बघितलं, पळत सुटताना बघितलं. फक्त कुठल्या वाटेला वळलो ते उंबराआड दिसलं नाही.

म्हणाल्या, "तू सरळ माझ्याकडे बघितलंस रे. मला वाटलं, कंटाळलास मालगाडीला. म्हणून हाक नाही मारली."