सासूबाई उठेनात

८ एप्रिल, रविवार

शूटिंग आता खुलताबादजवळच्या शेतात. नायिकेला थंडगार गाडी, आम्हा बाकीच्या बायकांना नाल्यापलीकडची बाभळ! मी साड्या नेसवणारी, म्हणून आडोशाला साडी धरायचं कामही माझंच. दिवसभर पाणीच प्यायचं नाही, हा आमचा उपाय. काल केस बांधणारी शहजादी चक्कर येऊन पडली.

आमचे यजमान मुख्तारमियाँ याच मालिकेचे मॅनेजर. घरी म्हटलं, बायकांसाठी संडासाची गाडी मागवा. "मुंबईवाल्यांना इचारावं लागंल." भाजीत मीठ टाकायलासुद्धा मुंबईला विचारतील हे!

९ एप्रिल

"इचारलं?" — "बघू म्हनले."

११ एप्रिल

आज मजाच झाली! मालिकेतल्या सासूबाईंच्या मरणाचा सीन. फुलंब्रीच्या दगडाबाई तिरडीवर. डायरेक्टर "कट" ओरडला, तरी बाई उठेनात. सगळे घाबरले. मी वाकले, तर एक डोळा उघडून म्हणाल्या, "जित्ती हाय. संडास आल्याबिगर उठणार नाय."

"मावशी, पुढचा सीन अंगणातला हाय," मुख्तारमियाँ अजिजीनं.

"मग न्या की उचलून!"

खांदा द्यायला कुणी पुढं येईना. शहजादी तिरडीशेजारी बसली, मग मी, मग सगळ्या. लाइटवाले बन्सीभाऊही दिवे बंद करून आले. डायरेक्टर ओरडला, "कल से सबकी छुट्टी!" मुख्तारमियाँ हळूच, "जाहेदा, तू तरी उठ ना." मी साडीची पिन दातात धरली — म्हणजे बोलायला नको!

ते फोन घेऊन लांब गेले. परतले घामाघूम. "गाडी येऊ लागली. उठा."

दगडाबाईंनी गळ्यातला हार काढला. "आधी पाणी आना प्यायाला."

१२ एप्रिल

गाडी आली! शहजादीनं दाराला झेंडूचं तोरण बांधलं. मुख्तारमियाँ मात्र ताटात नुसती भाकरी कुस्करत बसलेले. म्हटलं, "जेवायला मुंबईची परवानगी यायचीय का?" हसलेसुद्धा नाहीत.

१३ एप्रिल

यांना कामावरून काढलं. बन्सीभाऊंकडून कळलं — मुंबईनं गाडीला साफ नाही म्हटलं होतं. यांनी कुणाला न जुमानता मागवली.

मी घरी आले, तर हे कांदे चिरत बसलेले. डोळे लाल. "कांदा लई तिखट हाय," म्हणाले.

मी काही चिडवलं नाही. दगडाबाईंना फोन लावला. उद्या आम्ही कुणीच कामावर जाणार नाही.